तोतया वाय-फाय: नाव ओळखीचं, राउटर परका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन आज घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलतानाचं पाल्हाळ थोडं कमी केलंय, बाकी जवळजवळ जसंच्या तसं आहे.

फुकटच्या वाय-फायबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हा: "स्टेशनवरचं, एअरपोर्टवरचं वाय-फाय वापरलं तर बँक खातं रिकामं होतं का?" उत्तर आधीच सांगून टाकते. नुसतं कनेक्ट झाल्यानं सहसा काही होत नाही. पण अशा वाय-फायवर दुसरं काहीतरी जाऊ शकतं, आणि ते जातं तेव्हा चोराला कुलूप तोडावं लागत नाही. किल्ली आपणच काढून हातात देतो. ते कसं, हे आज बघू.

माझं रोजचं काम म्हणजे अॅप आणि वेबसाइटची लॉगिनची पानं बनवणं. नाव कुठे टाकायचं, पासवर्ड कुठे, ओटीपी कधी मागायचा, वगैरे. त्यामुळे एक गोष्ट अनुभवानं सांगू शकते. खरं लॉगिन पान नीट बनवायला टीमला काही आठवडे लागतात. दिसायला हुबेहूब तसंच खोटं पान बनवायला एक दुपार पुरते. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

फोन वाय-फायला ओळखतो तरी कसा?

वाय-फाय राउटर दर सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत एक छोटी दवंडी पिटत असतो. "मी अमुक आहे, या चॅनलवर आहे, माझ्याकडे पासवर्ड लागतो" किंवा "लागत नाही". या दवंडीला बीकन म्हणतात. त्यातलं 'अमुक' म्हणजे नेटवर्कचं नाव, तांत्रिक भाषेत एसएसआयडी. तुम्ही वाय-फाय चालू केल्यावर जी यादी दिसते, ती या नावांची.

आता गंमत अशी की या नावाची नोंदणी कुठेही होत नाही. डोमेनचं नाव विकत घ्यावं लागतं, मोबाइल नंबरसाठी केवायसी लागतं, रिक्षालासुद्धा परमिट लागतं. वाय-फायच्या नावाला काहीच लागत नाही. मी आत्ता माझ्या हॉटस्पॉटला एअरपोर्टचं नाव दिलं, तर तुमच्या फोनच्या यादीत मी एअरपोर्ट.

आणि तुमचा फोन जेव्हा एखादं वाय-फाय लक्षात ठेवतो, तेव्हा तो मुख्यतः तीन गोष्टी लक्षात ठेवतो: नाव, सुरक्षेचा प्रकार आणि असेल तर पासवर्ड. राउटर कोणत्या भिंतीवर आहे, कुणाच्या मालकीचा आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एका नावाचे दोन राउटर दिसले, तर फोन सहसा ज्याचा सिग्नल जोरात आहे त्याच्याकडे जातो. हे मुद्दामच असं बनवलंय. मोठ्या ऑफिसात एकाच नावाचे पन्नास राउटर असतात आणि तुम्ही चालत गेलात तरी कॉल तुटू नये, म्हणून फोन एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. सोय तीच, पळवाट तीच.

इंग्रजीत या नकली राउटरला 'ईव्हिल ट्विन' म्हणतात. मला आपला 'तोतया' हा शब्द जास्त चपखल वाटतो. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे "मीच भाऊसाहेब" म्हणत एक माणूस उभा राहिला. कोकणात त्याच्यामागे फौज जमली. १७७६ मध्ये ते बंड मोडावं लागलं. नाव ओळखीचं होतं, लोकांना विश्वास ठेवायचा होता, आणि पडताळायचं साधन सामान्य माणसाकडे नव्हतं. तुमच्या फोनची अवस्था अगदी हीच आहे.

घरी करून बघण्यासारखा प्रयोग

हे ऐकून पटत नसेल तर घरी करून बघा. फक्त स्वतःच्या घरी, स्वतःच्या फोनवर.

एका जुन्या फोनवर हॉटस्पॉट लावा. त्याला घरच्या वाय-फायचं नाव द्या, अक्षर न् अक्षर तेच. पासवर्डही तोच. सुरक्षेचा प्रकारही सारखा हवा, म्हणजे घरी डब्ल्यूपीए२ असेल तर इथेही तोच. आता घरचा राउटर बंद करा. थोड्या वेळात तुमचा रोजचा फोन त्या जुन्या फोनला जोडला जाईल. काही विचारणार नाही, काही सांगणार नाही. वर तोच पंखा, तेच नाव. लॅपटॉप, टीव्ही, सगळे एकेक करून त्याच रांगेत येतील.

आता पासवर्ड मुद्दाम वेगळा ठेवून पुन्हा करा. कुणीही जोडलं जाणार नाही. कारण डब्ल्यूपीए२ मध्ये फोन आणि राउटर दोघंही एकमेकांना सिद्ध करून दाखवतात की आपल्याला पासवर्ड माहीत आहे, आणि हे करताना पासवर्ड हवेतून पाठवत नाहीत. ज्या तोतयाला पासवर्ड माहीत नाही तो इथेच अडकतो. म्हणून घरच्या वाय-फायला लांबलचक, कुणाला न सुचणारा पासवर्ड असेल, तर तुमचं घर या हल्ल्यापासून बऱ्यापैकी सुरक्षित आहे.

पण कॅफेत काय असतं? काउंटरवर पाटी: नाव अमुक, पासवर्ड तमुक. म्हणजे तो पासवर्ड गावाला माहीत. तोतयालाही. आणि एअरपोर्ट, मॉल, स्टेशन इथे तर बहुधा पासवर्डच नसतो, तिथे नाव सोडून तपासण्यासारखं काही उरतच नाही. तुम्ही एकदा तिथलं वाय-फाय वापरलंत आणि फोनमध्ये ते नाव जपून राहिलं, की पुढे त्या नावाचं कुठलंही खुलं वाय-फाय तुमच्या फोनसाठी घरचंच. खरं स्टेशन शंभर किलोमीटर मागे राहिलं असलं तरी.

पर्थच्या विमानतळावरची बॅग

हे सगळं पुस्तकी नाही. ऑस्ट्रेलियातली एक केस सांगते.

एप्रिल २०२४. तिथल्या एका विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना देशांतर्गत उड्डाणात एक संशयास्पद वाय-फाय दिसलं. विमान आकाशात, आणि यादीत ओळखीच्या वाटणाऱ्या नावाचं भलतंच नेटवर्क. त्यांनी पोलिसांना कळवलं. पुढे पर्थ विमानतळावर एका प्रवाशाच्या हातातल्या बॅगेची झडती झाली. आत काय होतं? एक छोटा वायरलेस अॅक्सेस पॉइंट, एक लॅपटॉप आणि एक मोबाइल. बस. सिनेमात दाखवतात तसली हिरव्या अक्षरांची भिंत वगैरे काही नाही. प्रवासी बॅगेत मावणारं सामान.

पोलिसांच्या तपासानुसार पर्थ, मेलबर्न आणि अॅडलेड या विमानतळांवर आणि काही उड्डाणांमध्ये ही नकली नेटवर्क लावली गेली होती. लोक जोडले गेले की त्यांच्यासमोर एक पान उघडायचं: फुकट वाय-फायसाठी तुमच्या ई-मेलनं किंवा सोशल मीडियाच्या खात्यानं साइन इन करा. लोक करायचे. नाव-पासवर्ड त्या माणसाच्या उपकरणात साठायचे. मग त्यातून तो बायकांच्या खात्यांत शिरला, त्यांचे मेसेज वाचले, खाजगी फोटो आणि व्हिडिओ चोरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला सात वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली.

आता जरा थांबून बघा, या केसमध्ये त्यानं काय तोडलं? एन्क्रिप्शन तोडलं का? नाही. फोन हॅक केला का? नाही. त्यानं एक ओळखीचं नाव लावलं आणि एक पान दाखवलं. बाकी सगळं लोकांनी स्वतः टाइप केलं. पैशांपेक्षा मोठी गोष्ट गेली, आणि ज्या बायकांचं गेलं त्यांना ते जाताना कळलंही नाही.

मग "सगळा डेटा हवेत दिसतो" हे खरं की खोटं?

पूर्वी खरं होतं. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर नावाच्या प्रोग्रामरनं फायरफॉक्ससाठी 'फायरशीप' नावाचं एक्स्टेन्शन काढलं. कॅफेत बसून एक बटण दाबायचं, की त्याच खुल्या वाय-फायवर फेसबुक उघडून बसलेल्यांची नावं बाजूला हजर. नावावर क्लिक केलं की थेट त्यांच्या खात्यात. तेव्हा बऱ्याच साइट लॉगिनपुरतंच एन्क्रिप्शन वापरायच्या आणि नंतर सगळं उघड्यावर. फायरशीपमुळे मोठी बोंबाबोंब झाली, आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या साइट एकेक करून पूर्णपणे एचटीटीपीएसवर गेल्या.

आज तुम्ही व्हॉट्सअॅप, जीमेल, यूपीआय काहीही उघडा, फोनपासून त्यांच्या सर्व्हरपर्यंतची वाट एन्क्रिप्टेड असते. मधला राउटर तोतया असला तरी त्याला आतला मजकूर वाचता येत नाही. पोस्टमन बदलला तरी पाकीट सीलबंदच. त्याला दिसतं ते पाकिटावरचं: तुम्ही कोणत्या साइटशी बोलताय, कधी, किती वेळ. तेही कमी नाही, पण ते खातं रिकामं होणं नव्हे.

आणि तोतयानं मध्ये बसून "मीच तुमची बँक" म्हटलं तर? ब्राउझर सर्टिफिकेट तपासतो, आणि तोतयाकडे बँकेचं सर्टिफिकेट नसतं. मग फोन लाल इशारा दाखवतो: हे कनेक्शन खाजगी नाही. बाहेरच्या वाय-फायवर हा इशारा आला की 'तरीही पुढे जा' हे बटण तुमच्यासाठी नाहीच असं समजा.

तंत्रज्ञानानं ही दारं बंद केली म्हणूनच चोर त्या छोट्या पानाकडे वळला. वाय-फाय जोडल्यावर आपोआप वर येणारं जे पान असतं ना, त्याला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. त्या पानाचा मालक राउटरचा मालक. तिथे काय लिहायचं, कुणाचा लोगो लावायचा, हे तोच ठरवतो. शिवाय ते पान बऱ्याच फोनांत एका छोट्या खिडकीत उघडतं. तिथे पत्ता नीट दिसत नाही आणि आपण घाईत असतो. अशा ठिकाणी जीमेलचा पासवर्ड मागणारा चौकोन दिसला, तर तो जीमेलचा आहे असं मानायला काहीच आधार नसतो.

आपल्याकडची खास अडचण: ओटीपीची सवय

इथे जरा मागे जाऊ, कारण आपल्याकडे वाय-फायला फोन नंबर का द्यावा लागतो, याची मुळं मुंबईतही आहेत.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा मेल गेला होता. माग काढत पोलीस पोहोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाचं वाय-फाय उघडं होतं आणि मेल त्यावरून पाठवला गेला होता. त्यानंतरचे मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. दुसऱ्याच्या दारातून आत येऊन, तिसऱ्याच्या नावानं चिठ्ठी टाकायची, असा प्रकार. मग २००९ मध्ये दूरसंचार विभागानं नियम केला: सार्वजनिक वाय-फाय देणाऱ्यानं वापरणाऱ्याची ओळख पटवूनच ते द्यायचं. तेव्हापासून नंबर टाका, एसएमएसवर कोड येईल, तो टाका, ही पद्धत रुळली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गूगलचं फुकट वाय-फाय सुरू झालं, मग स्टेशनामागून स्टेशनं आली, आणि ही सवय घराघरांत पोहोचली.

नियमामागचं कारण रास्त होतं. पण त्यातून आपल्या बोटांना एक वळण लागलं: वाय-फायच्या पानावर नंबर टाकायचा, आलेला कोड टाकायचा, विचार करायचा नाही. आता तोतयाच्या जागी बसून बघा. माझ्या पानावर तुम्ही नंबर टाकलात. मी तो नंबर वाय-फायसाठी वापरलाच नाही. मी माझ्या फोनवर व्हॉट्सअॅप उघडलं आणि तुमचा नंबर टाकून नोंदणी सुरू केली. तुम्हाला सहा आकडी कोड आला. माझ्या पानावर लिहिलंय 'कोड टाका'. तुम्ही टाकलात. तुमचं व्हॉट्सअॅप आता माझ्या हातात, आणि पुढच्या दहा मिनिटांत तुमच्या मावशीला मेसेज: "जरा अर्जंट पाच हजार पाठव, संध्याकाळी देते."

यावर उपाय फुकट आहे. एसएमएस पूर्ण वाचा. कोड कशासाठी आहे हे त्यातच लिहिलेलं असतं. पण फोन हल्ली कीबोर्डवर नुसता कोड उचलून दाखवतो आणि आपण टॅप करून मोकळे होतो. वाय-फायसाठी आलेल्या कोडमध्ये व्हॉट्सअॅप, बँक किंवा दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाव असेल, तर तिथेच थांबा. दुसरी गोष्ट, व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन आजच लावा. मग नुसत्या कोडवर कुणाला नोंदणी पूर्ण करता येत नाही.

कॉलेजचं वाय-फाय: सर्टिफिकेटचा कंटाळा

कॉलेजमधल्या श्रोत्यांनो, हा भाग तुमच्यासाठी. बऱ्याच कॉलेजांत आणि ऑफिसांत प्रत्येकाला वेगळं नाव-पासवर्ड असतं. ही व्यवस्था खरं तर जास्त चांगली. इथे राउटरच्या मागे एक सर्व्हर असतो आणि तो सर्टिफिकेट दाखवून स्वतःची ओळख पटवतो. म्हणजे तोतयाला ओळखायचं साधन इथे आहे.

पण होतं काय, की जोडताना फोन विचारतो "सर्टिफिकेट कोणतं?" आणि कुणीतरी सिनिअर सांगतो, "अरे 'तपासू नका' निवड, लगेच लागतं." लागतं खरं. पण मग त्याच नावाचा कुठलाही राउटर तुमच्या फोनकडून लॉगिन मागू शकतो. फोन पासवर्ड थेट देत नाही, पासवर्डपासून बनवलेलं एक उत्तर देतो. ती पद्धत जुनी आहे आणि २०१२ मध्येच ती मोडून दाखवली गेलीय. उत्तर घरी नेऊन निवांत फोडता येतं. आणि हाच पासवर्ड कॉलेजच्या मेललाही असतो, निकालाच्या पोर्टललाही. म्हणूनच अँड्रॉइड ११ पासून गूगलनं 'तपासू नका' हा पर्याय काढायला सुरुवात केली. तुमच्या फोनवर तो अजून असेल तर निवडू नका. कॉलेजच्या आयटी विभागाकडून सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं नाव मागून घ्या. देणं त्यांचं कामच आहे.

या हल्ल्यात मोठे देशही उतरलेत. एप्रिल २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या द हेग शहरात, रासायनिक अस्त्रबंदी संघटनेच्या इमारतीला लागून असलेल्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये एक गाडी उभी होती. डिकीत वाय-फाय हल्ल्याचं सामान, अँटेना इमारतीच्या दिशेला. डच यंत्रणांनी चार रशियन अधिकाऱ्यांना पकडून देशाबाहेर काढलं. इतक्या मोठ्या कामासाठीही जवळ जाऊन उभं राहावं लागलं. हा धडा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे: तोतया नेहमी जवळपासच असतो. त्याचा सिग्नल काही मीटरचा, फार तर आसपासच्या इमारतींपुरता.

घरभेदी राउटर

आतापर्यंतचा तोतया बाहेरचा होता. 'रोग अॅक्सेस पॉइंट' हा शब्द ऑफिसच्या जगात ज्यासाठी जास्त वापरतात, तो मात्र घरचाच भेदी असतो.

समजा ऑफिसच्या कोपऱ्यातल्या खोलीत वाय-फाय नीट येत नाही. तिकीट टाकून महिना झाला, कुणी फिरकत नाही. मग एक उत्साही सहकारी घरून जुना राउटर आणतो, भिंतीतल्या नेटवर्क पोर्टला लावतो. सगळे खूश, चहा त्याच्याकडून नाही, त्याला. हेतू शंभर टक्के चांगला. पण आता कंपनीच्या आतल्या नेटवर्कची वायर एका अशा राउटरमधून हवेत बाहेर पडतेय, ज्याचा पासवर्ड साधा आहे, सॉफ्टवेअर अनेक वर्षांपूर्वीचं आहे आणि डब्ल्यूपीएस चालू आहे. डब्ल्यूपीएसचा आठ आकडी पिन प्रत्यक्षात जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालंय. पुढच्या दाराला पहारेकरी, आणि मागची खिडकी आपणच उघडून ठेवलेली.

अशा राउटरला शोधायचं कसं? इथे एक गोड तांत्रिक प्रश्न आहे. ऑफिसच्या हवेत चाळीस वाय-फाय दिसतात. त्यातलं खालच्या चहावाल्याचं कोणतं, समोरच्या सोसायटीचं कोणतं, आणि आपल्याच वायरला लागलेलं कोणतं? नुसतं ऐकून कळत नाही. मग एक युक्ती करतात. आपल्या वायरमध्ये एक खास खुणेचं पाकीट सोडायचं आणि हवेत कान लावून बसायचं. ज्या राउटरमधून ते पाकीट हवेत बाहेर पडलं, तो आपल्या वायरला लागलेला. पाइप कुठे फुटलाय हे बघायला टाकीत रंग टाकतात ना, तसंच. या क्षेत्रातलं बरंच मूळ काम आपल्या पुण्यात झालंय. एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीची इंजिनिअर मंडळी पुण्यात होती. पुढे तिचं नाव मोजो नेटवर्क्स झालं आणि २०१८ मध्ये अरिस्टानं ती विकत घेतली.

घरभेदी सापडला की त्याला गप्प कसं करतात? वाय-फायच्या जुन्या रचनेत 'आता संबंध संपला' असा एक संदेश आहे, डीऑथ. गंमत म्हणजे तो कुणी पाठवला हे कुणी तपासत नव्हतं. राउटरच्या नावानं कुणीही तो पाठवावा आणि फोननं मुकाट तुटावं. सुरक्षेची यंत्रणा हाच संदेश घरभेद्याविरुद्ध वापरते. आणि तोतयाही हाच संदेश पाठवून तुम्हाला खऱ्या राउटरवरून खाली ढकलतो, म्हणजे तुम्ही त्याच्याकडे यावं.

हे शस्त्र कसं उलटतं त्याचं उदाहरण अमेरिकेतलं. नॅशव्हिलच्या गेलॉर्ड ऑप्रीलँड या मॅरियट चालवत असलेल्या हॉटेलात, परिषदेला आलेल्या पाहुण्यांचे स्वतःचे मोबाइल हॉटस्पॉट याच पद्धतीनं तोडले जात होते. आणि हॉटेलचं वाय-फाय घ्यायचं तर प्रदर्शकांना एका उपकरणामागे २५० ते १,००० डॉलर. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकानं सहा लाख डॉलरचा दंड केला. घरभेदी पकडायची यंत्रणा गिऱ्हाइकावरच चालवली होती.

डीऑथच्या या छिद्रावर २००९ मध्ये उपाय आला आणि २०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये तो सक्तीचा झाला. पण पासवर्ड पाटीवर लिहिलेला असेल, किंवा पासवर्डच नसेल, तर डब्ल्यूपीए३ सुद्धा तोतयाला पूर्ण थांबवत नाही. वाट एन्क्रिप्ट होते, पण ती वाट कुणाच्या दारात जाते हे कळत नाही.

मग करायचं काय?

घाबरून वाय-फाय सोडायची गरज नाही. या पाच गोष्टी करा, क्रम महत्त्वाप्रमाणे आहे.

१. वाय-फाय जोडताना वर आलेल्या पानावर ई-मेलचा किंवा सोशल मीडियाचा पासवर्ड कधीही टाकू नका. कुठल्याही वाय-फायला तुमच्या जीमेलच्या पासवर्डची गरज नसते. मागितला तर खिडकी बंद, मोबाइल डेटा चालू.

२. कोड टाकण्याआधी एसएमएस पूर्ण वाचा. कुणाचा कोड, कशासाठी, हे बघा.

३. फोनमधली सेव्ह केलेल्या नेटवर्कची यादी उघडा. एअरपोर्ट, मॉल, हॉटेल, कॅफे, लग्नाचा हॉल, सगळी जुनी नावं पुसून टाका. रोज लागणारं एखादं असेल तर त्याचं ऑटो-कनेक्ट किंवा ऑटो-जॉइन बंद करा. आयफोनवर ही पूर्ण यादी आयओएस १६ पासून दिसते.

४. जीमेल आणि मुख्य खात्यांना टू-स्टेप लावा, जमेल तिथे पासकी वापरा. पासकी खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. पान कितीही हुबेहूब असलं तरी पत्ता वेगळा असेल तर ती चालतच नाही. डोळा फसतो, पासकी फसत नाही.

५. घरच्या राउटरला मोठा पासवर्ड द्या, डब्ल्यूपीएस बंद करा. आणि नाव लपवून ठेवायच्या फंदात पडू नका. लपवलेलं नेटवर्क शोधायला फोनला जाईल तिथे त्याचं नाव घेऊन हाका माराव्या लागतात, म्हणजे उलट जास्त गवगवा.

"व्हीपीएन घेऊ का?" हा प्रश्न येणारच. व्हीपीएनमुळे पाकिटावरचा पत्तासुद्धा राउटरपासून झाकला जातो, तेवढा फायदा खरा. पण कॅप्टिव्ह पोर्टलचं पान व्हीपीएन जोडण्याआधी येतं, आणि तिथे तुम्ही पासवर्ड टाकलात तर जगातला कुठलाही व्हीपीएन तुम्हाला वाचवू शकत नाही. जाहिरातीत हे सांगत नाहीत.

आणि पासवर्ड देऊन झाला असेल तर? आधी वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर या. पासवर्ड बदला, 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' करा, मेलमध्ये कुणी फॉरवर्डिंग लावून ठेवलंय का ते बघा. तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथेही बदला. व्हॉट्सअॅप गेलं असेल तर आपल्या फोनवर पुन्हा नोंदणी करा आणि लिंक केलेली उपकरणं तपासा. पैसे गेले असतील तर एक मिनिट न दवडता १९३० या नंबरवर फोन. खाजगी फोटो गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे निनावी तक्रारही करता येते. पर्थच्या केसमध्येही सुरुवात कुणीतरी "हे काहीतरी विचित्र दिसतंय" असं सांगितल्यानंच झाली होती.

आज रात्री पाच मिनिटं काढा आणि आई-बाबांच्या फोनमधली ती सेव्ह केलेली यादी उघडा. तिथे काय काय नावं सापडतात ते बघून थक्क व्हाल. पुसताना त्यांना फक्त एवढं समजावून सांगा, की वाय-फायचं नाव कुणीही लावू शकतं. तांत्रिक शब्द एकही नको.

प्रश्न असतील तर नेहमीसारखे व्हॉइस नोटनं पाठवा. पुढच्या भागात पासकी नेमकी चालते कशी ते उलगडून बघू. तोवर काळजी घ्या, मजेत राहा!